दामलेबाईंची हाक

दामलेबाई मायक्रोस्कोपवर वाकल्या की त्यांच्याशी बोलायचं नाही, हा आमच्या लॅबमधला पहिला नियम. एका हाताखाली रक्ताचा थेंब लावलेली काच सरकायची, दुसऱ्या हाताखाली पेशी मोजायच्या यंत्राची बटणं टकटक वाजायची. मी शेजारच्या मोरीत रक्ताच्या नळ्या धूत असायची. सातवीत शाळा सुटलेली, नवरा साकीनाक्याला कारखान्यात, मुलगी कणकवलीकडे सासूपाशी. मरोळच्या या लॅबमध्ये मला चिकटवलं ते बाईंनीच.

त्यांची एक खूण मला न सांगता कळली होती. टकटक मध्येच थांबायची, स्टूल मागे सरायचं आणि बाई म्हणायच्या, "डॉक्टर, जरा बघता का?" ही हाक वाईट आजारालाच असायची. रक्ताचा कॅन्सर, नाहीतर तसलंच काही. ती ऐकली की माझी छाती धडधडायची. ज्याची काच, ते माणूस बाहेर बाकावर बसलेलं असायचं, कधी एखादं लेकरू आईच्या मांडीवर. मी दारातून बघायला लागले की बाई दबक्या आवाजात दटावायच्या, "शेवंते, तोंड आवर! रिपोर्ट डॉक्टर देतील, तुझ्या चेहऱ्यावर वाचायला नको."

एकदा मलाच ताप यायला लागला. हुडहुडी भरायची, मग घाम. तोंड पांढरंफटक. नवरा गावी धाडेल म्हणून बोलले नाही. पण बाईंनी पकडलंच. "ये इकडे. जगाच्या नळ्या धुतेस, तुझं रक्त कोण बघणार गं?" बोटाला टोचलं, थेंब काचेवर ओढला, काच रंगवली. मी पुन्हा मोरीशी. टकटक सुरू झाली. थांबली. स्टूल मागे सरलं.

"डॉक्टर, जरा बघता का?"

हातातली नळी मोरीत फुटली. दोघं इंग्रजीत बोलत होते, मला एक अक्षर कळेना. तोंडातून गावची बोलीच बाहेर पडली, "बाई, माझ्या चेडवाचा काय होतला आता?"

बाई धावत आल्या. "अगं वेडे, मुलीचं काय व्हायचंय? मलेरिया आहे! गोळ्या घे, होशील बरी."

"मग डॉक्टरांना कशाला बोलावलंत?"

"तुझी काच ना. माझ्या डोळ्यांवर माझाच भरवसा बसेना." मग एकदम थांबून म्हणाल्या, "तुला ती हाक कळते?"

"बाकावरच्यांना पण कळते, बाई. जुने पेशंट नव्यांना सांगतात."

बाईंचा चेहरा उतरला; त्या दिवशी त्यांना स्वतःचं तोंड आवरलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून त्या चांगल्या काचांनाही तशीच हाक मारू लागल्या. डॉक्टर वैतागायचे, "दामलेबाई, यात बघायचंय काय?"

"असू दे हो. तेवढेच पाय मोकळे होतात तुमचे."

रिटायर होईपर्यंत त्यांनी हे सोडलं नाही. माझी छाती धडधडायची ती धडधडायचीच. पण बाकावरच्या कोणाकडे बघून धडधडायचं, ते मात्र मला कळेनासं झालं.