चर्चशेजारची विहीर

सर अँब्रोज थर्कटल एकोणीस वर्षं पार्लमेंटमध्ये होते आणि तेवढ्या वर्षांत गटारं आणि पिण्याचं पाणी सोडून दुसऱ्या कशावर बोलले नाहीत. ते उभे राहिले की बाकीचे सभासद जेवायला उठतात, असं त्यांचा गाडीवान सांगायचा. त्यांना त्याचं काही वाटत नसे. जेवून परत येतील तेव्हाही आपण बोलतच असू, म्हणायचे.

आमच्या ब्रॅक्नी गावची जवळजवळ सगळी जमीन त्यांची. बॅरोनेट ही पदवी पणजोबांपासून चालत आलेली. पण कोटाची कोपरं विरलेली, आणि खिशात भाजलेल्या मातीच्या नळाचा तुकडा. मी त्यांच्याकडे लोणी काढायला होते, तेव्हा तो तुकडा माझ्या लोण्याशेजारी ठेवून विसरून जायचे. बायको लग्नानंतर दोनच वर्षांनी गेली होती, पुन्हा लग्न केलं नव्हतं. घरात बोलायला कोणी नाही म्हणून असेल, आम्हा पोरींनाही ते नळाचा उतार किती हवा ते समजावून सांगत.

त्या वर्षी कापणीनंतर गावात तापाची साथ आली. सात जण गेले. माझी धाकटी बहीण र्‍होडा त्यांतलीच, नऊ वर्षांची. सर अँब्रोज म्हणाले, दोष चर्चशेजारच्या विहिरीचा. ती बुजवायची आणि टेकाडावरच्या झऱ्याचं पाणी नळाने गावात आणायचं.

सगळ्यांत जास्त विरोध केला तो माझ्या आईने. ती मोठ्या घरचे कपडे धुवायची, पण भीडभाड कोणाची ठेवत नसे.

"माझी आजी हेच पाणी पिऊन ब्याऐंशी वर्षं जगली, साहेब," ती त्यांना म्हणाली. "पाणी वाईट असतं तर असं गोड लागलं असतं का?"

"ते गोड लागतं, त्याचीच मला धास्ती वाटते, मिसेस लार्टर."

"मग पार्लमेंटात जाऊन सांगा."

विहीर बुजवायला मजूर आले त्या दिवशी आई मोजा विणत कठड्यावर बसली ती उठलीच नाही. बायका तिला तिथेच जेवण नेऊन देत. दुसऱ्या दिवशी सर अँब्रोज तिच्याशेजारी जाऊन बसले आणि दोघांचं ठरलं. ज्या खड्ड्यातली घाण विहिरीत झिरपत असल्याचा संशय येईल त्यात ते रॉकेल ओततील. विहिरीला वास आला तर आई उठेल, नाही आला तर विहीर तशीच राहील.

पहिला संशय पाद्रीबाबांच्या संडासावर. पिंपभर रॉकेल ओतलं, आठ दिवस झाले, वास नाही. गाव हसत होतं, आई सगळ्यांत जास्त. मग सर अँब्रोजनी आणखी थोडी मुदत मागितली आणि कोणाला न सांगता दुसरीकडे ओतलं.

चौथ्या दिवशी सकाळी आई भरलेली बादली घेऊन थेट मोठ्या घरी आली. मी लोणी घेऊन तिथेच उभी होते. सर अँब्रोजपाशी मिस्टर प्रुइट बसले होते. निवडणूक तोंडावर आली होती आणि प्रुइट त्यांचं प्रचाराचं काम बघत.

"वास आला," आई म्हणाली. "कुठे ओतलं होतं?"

प्रुइट त्यांच्या कानाशी लागले. जुन्या चामडं कमावण्याच्या कुंडाचं नाव सांगा, म्हणाले. ते बंद पडून कितीतरी वर्षं झाली, कोणाला लागायचं नाही. मला ऐकू आलं, म्हणजे आईलाही आलं असणार.

सर अँब्रोज उभे राहिले. "माझ्या घरामागे," ते म्हणाले. "आमच्याच संडासाच्या खड्ड्यात."

आईला ते कळायला जरा वेळ लागला. "म्हणजे र्‍होडा..."

"हो."

ती बादली तिथेच ठेवून निघून गेली.

रविवारी प्रार्थनेनंतर त्यांनी हेच चर्चमध्ये सगळ्यांसमोर सांगितलं, सातही जणांची नावं घेऊन. आठवड्याभरात विरोधकांनी बाजाराच्या गावी मोठमोठ्या अक्षरांत ते भिंतीभिंतीवर लावलं. सर अँब्रोज पडले.

आईने हिवाळाभर त्यांचे कपडे घेतले नाहीत. समोरून आले तर रस्ता ओलांडायची. वसंतात चर खणायला सुरुवात झाली, तर तेही गुडघाभर चिखलात उतरून नळ जोडू लागले. भाषणं करायला आता लंडनचं पार्लमेंट उरलं नव्हतं. पंधरा दिवस आई कुंपणाआडून बघत होती. मग एके दिवशी फडक्यात पाव आणि डुकराच्या खारवलेल्या मांसाचे दोन काप बांधून घेतले आणि चराच्या काठावर जाऊन उभी राहिली.

"पार्लमेंटातून काढलं म्हणे तुम्हाला."

"काढलं."

"बरं झालं. तिथे ऐकत होतं कोण तुमचं?" तिने फडकं पुढे केलं. "आणि तो मागचा सांधा गळतोय."

त्यांनी वळून पाहिलं. खरंच गळत होता.

त्यानंतर ते अकरा वर्षं जगले. ती साथ पुन्हा आली नाही. शेवटच्या आजारपणात आई रोज दुपारी त्यांच्याजवळ बसायची. आमच्या गल्लीत दुसरा नळ हवा म्हणून भांडायची, आणि तो तिने मिळवलाही. ते गेले तेव्हा शवपेटीमागे नात्यातली चारच माणसं होती. आई त्यांच्या रांगेत जाऊन चालू लागली. तिला कोणी काही म्हटलं नाही.