आयोडीनचं झेनॉन झाल्यावर

नाशिक रोडला एका क्लासमध्ये मी केमिस्ट्री शिकवतो. क्लासच्या दारावर माझा कोटातला फोटो आहे. कोट फोटोवाल्याचा. आतलं ज्ञानही बरंचसं तसंच, उसनं.

आमच्याकडे दर रविवारी टेस्ट असते. संध्याकाळी फळ्याशेजारी आन्सर की लागते आणि एकदा लागलेली उत्तरं बदलायची नाहीत, हा नियम. चूक कबूल केली तर पालक प्रवेश घेताना विचार करतात. या टेस्टवरूनच बॅच ठरतात. पहिल्या बॅचला मी शिकवतो, दुसऱ्या बॅचला माझे जुने व्हिडिओ दाखवतात.

एकदा मी एक विधान दिलं होतं : अणूच्या किरणोत्सारी क्षयाचा त्याच्या रासायनिक बंधांवर परिणाम होत नाही. चूक की बरोबर? माझ्या कीमध्ये 'बरोबर' होतं. कांद्याच्या बाजाराच्या नामपूरहून शिकायला आलेल्या अकरावीतल्या एका मुलीने 'चूक' लिहिलं. तेवढ्या एका उत्तरामुळे ती दुसऱ्या बॅचमध्ये जाणार होती. सोमवारी ती पेपर घेऊन भर वर्गात उभी राहिली.

"सर, माझ्या आईला थायरॉइडसाठी किरणोत्सारी आयोडीन दिलं होतं. त्याचा क्षय झाला की झेनॉन होतं ना?"

"होतं. मग?"

"मग ते आयोडीन कार्बनला जोडलेलं असेल, तर झेनॉनसारखा निष्क्रिय वायू झाल्यावर तो बंध तसाच कसा राहील?"

मला उत्तर येत नव्हतं, म्हणून मी हसलो. "कांद्याच्या लिलावात घासाघीस चालते, बाई. इथे मार्कांचा लिलाव नसतो."

वर्ग खिदळला. मला बरं वाटलं, हेही लिहून ठेवतो.

घरी जाऊन पुस्तक उघडलं. अणू कोणत्या बंधात आहे याने क्षयाच्या वेगाला सहसा फरक पडत नाही, हे खरं. मी तेच वाक्य उलटं करून घेतलं होतं आणि वीस वर्षं छातीठोकपणे शिकवत होतो. केंद्रकात एक प्रोटॉन वाढला की मूलद्रव्यच बदलतं. बंध धरणारे इलेक्ट्रॉन आता वेगळ्याच अणूशी बांधलेले. बंध कधी तुटतो. कार्बनचा नायट्रोजन झाला तर कधीकधी टिकतोही, पण रेणू पहिला राहत नाही. आईच्या औषधावरून एका मुलीला जे सुचलं, ते मला पगार घेऊन सुचलं नव्हतं.

तरी मी आन्सर की तशीच राहू दिली. ती दुसऱ्या बॅचमध्ये गेली. आठवड्याने जिन्यात कोणी नाही असं बघून तिला म्हणालो, "त्या दिवशी तुझं बरोबर होतं."

"वर्गात सांगाल का, सर?"

"बघू."

"हसायला तर सगळे होते," ती म्हणाली आणि माझे व्हिडिओ बघायला वर गेली. त्यातल्या एकात मी तेच चुकीचं वाक्य दोनदा म्हणतो, दुसऱ्यांदा सावकाश, लिहून घेता यावं म्हणून.

यंदा तो पेपर पुन्हा छपाईला जायचा होता. मी तो प्रश्न खोडला आणि दुसरा घातला. टाइप करणाऱ्या बाईंनी विचारलं, "सर, चुकला होता का हा?"

"नाही," मी म्हणालो. "सिलॅबसमध्ये नाही."