खडूची फुली

ट्रंक आवरताना काकांचा राखाडी काचांचा पुठ्ठ्याचा चष्मा सापडला आणि ती दुपार आठवली.

आष्टीच्या घरी भरदुपारी खिडक्यांना गोधड्या टांगून काकांनी दोन प्रोजेक्टर लावले होते, एकेका डोळ्यासाठी एकेक. चष्मा घालून बराबर मधल्या खडूच्या फुलीवर बसलं, की शहागडच्या नदीतली होडी पडद्यातून बाहेर यायची. सगळ्यांनी नाकासमोरची हवा पकडून पाहिली. मग फुलीवर माझे वडील, अण्णा बसले. ते जालन्याला लोखंडाच्या भट्टीवर होते.

"दादा, आली का होडी भाईर?" काकांनी विचारलं.

अण्णांनी खुर्ची मागं घेतली, पुढं घेतली, डावीकडं सरकवली. एकट्या अण्णांनाच दिसणार नाही की काय, असं मला वाटलं.

"आली, बिलकुल आली!" म्हणत ते उठले आणि त्यांनी थेट पडद्यावर हात ठेवला.

सगळे हसले. सुटल्यासारखी मीच सर्वांत मोठ्यानं हसले. काका हसले न्हाईत. त्यांनी एक प्रोजेक्टर बंद केला.

"चष्मे काढा. आता कुठूनबी सारखंच दिसंल."

अण्णांचा एक डोळा ठिणगीनं गेल्ता. काम जाईल म्हणून त्यांनी ते घरातही सांगितलं नव्हतं. मला हे फार उशिरा कळलं. तेव्हा मात्र गंमत घालवली म्हणून मी काकांशी दोन दिवस बोलले नव्हते.