अंगठ्याचं नख

मोबाइल एका हातानं चालवता यावा म्हणून त्याच्या पडद्यावरची बटणं कुठं आणि केवढी ठेवायची, हे ठरवायची माझी पुण्यात नोकरी होती. सुट्टीत गावी, आष्टीला गेलो तेव्हा नमुन्याचा फोन आईच्या हाती दिला. ती संकरित बियाण्याच्या प्लॉटवर मजुरीनं कपाशीच्या कळ्या, त्यांतले पुंकेसर काढायला, अंगठ्याच्या वाढवलेल्या नखानं सोलायची. त्याच नखानं ती बटण दाबू लागली आणि दर वेळी नख सटकलं.

"अगं, नख कशाला लावतेस? पेर टेकव!" मी वैतागलो.

"मंग नख काढून टाकू का? उद्या कळ्या कशानं सोलू?" ती शांतपणे म्हणाली.

मी कितीतरी अंगठ्यांची मापं घेतली होती. ज्या नखावर माझं शिक्षण झालं, ते माझ्या एकाही तक्त्यात नव्हतं.