अप्पांचे पाय, माझे बूट

माझे पाय अप्पांवर गेलेत. रुंद पंजा, सपाट तळवा, अंगठ्याशेजारचं बोट अंगठ्याहून लांब. लहानपणी ओल्या पायांनी फरशीवरून गेले की आई म्हणायची, "आलं बगा फौजीचं पाय." बाकीच्यांच्या तळव्याचा मधला भाग फरशीवर उमटत नाही, आम्हा बापलेकीचा अख्खा उमटायचा. नाकडोळे आईचे, उंची आजीची आणि पाय मात्र वडिलांचे, असा माझा वाटा. मेढ्याजवळच्या आमच्या गावातल्या चढ-उतारांना हे पाय बरे होते. साताऱ्यात मी शाळेत खेळाची शिक्षिका आहे, दिवसभर मैदानावर उभी असते, तिथंही त्यांची कधी तक्रार नव्हती. तक्रार सुरू झाली ती बर्फावर.

जावळीतली बाई स्कीइंग करते हे ऐकून लोक हसतात. हसू देत. गिर्यारोहणाचा कोर्स करताना एका मैत्रिणीनं गुलमर्गच्या स्कीइंगचं वेड डोक्यात भरवलं. एकदा गेले आणि मग दर हिवाळ्यात रजा साठवून जायला लागले. अप्पांना याचं भारी कौतुक. त्यांनीही सैन्यात असताना बर्फात दिवस काढले होते, पण त्यांचा बर्फ म्हणजे पहारा, फावडं आणि गोठलेलं पिण्याचं पाणी. त्याच्यावरून हौसेनं घसरत यायचं ही गोष्ट त्यांना खुळचटही वाटायची आणि आवडायचीही. पारावर कुणी विचारलं की सांगायचे, "आमची पोरगी बर्फावर पळती."

पळत होते खरी, पण रडत. स्कीचा बूट म्हणजे बाहेरून कडक प्लास्टिक, आत गादीचा जाड मोजा आणि वरून आवळायची बकलं. पाय आत जरा जरी हलला तर स्की ऐकत नाही, म्हणून बूट घट्टच लागतो. आणि माझ्यासारखा सपाट पाय वजन पडलं की पसरतो. पसरायला जागा नाही, मग तळव्याला आग आणि बोटांना मुंग्या. थोडं घसरून झालं की मी कडेला बसून बकलं सोडायची आणि पाय हातात धरून बसायची. पुढच्या हंगामात राज्याच्या संघासाठी चाचणी होती. आमचे प्रशिक्षक म्हणाले, "बूट ठीक आहेत. पायाखाली काहीच नाहीये. तुझ्या पायाच्या मापाचं फूटबेड करून घे, नाहीतर चाचणीला येऊ नकोस." फूटबेड म्हणजे बुटाच्या तळाशी घालायचा, आपल्या तळव्याच्या आकाराचा तुकडा.

त्या वर्षी घरी आले तेव्हा मी नीट चालत नव्हते. आईनं कडकडीत पाणी दिलं, मी बादलीत पाय सोडून बसले आणि बुटांच्या नावानं बोटं मोडली. अप्पा ऐकत होते. 

सकाळी उठले तर अप्पांच्या चपला दारात आणि अप्पा शेतात. मी आईला विचारलं. आई चुलीपाशी होती, मान न वळवता म्हणाली, "देवाला बोललेत. तुज्या पायाचं दुकणं जाईस्तवर पायात कायबी घालणार न्हाईत."

आमच्याकडं हे नवीन नाही. कुणी चहा सोडतं, कुणी दाढी वाढवतं, कुणी चप्पल सोडतं. आणि एकदा देवापुढं बोललं की ते दुसऱ्या कुणाला मोडता येत नाही. ज्याच्यासाठी बोललं त्याचं भलं झालं, तरी आधी त्याच अनवाणी पायांनी डोंगरावर देवाला जायचं, नारळ फोडायचा, आणि मग पायात घालायचं. मला हे सगळं माहीत होतं आणि तरी माझं डोकं फिरलं. कारण अप्पांना साखर होती. बरीच जुनी. गोळ्या मनात आलं तर घ्यायचे, आणि पेढा कुणी दिला तर देवाचा म्हणून खायचे, मग तो वाढदिवसाचा का असेना.

ते आले तेव्हा मी दारातच धरलं. "अप्पा, मला आजार नाही झाला. बूट चावतोय. त्याला देव काय करणार?"

"बुटाचं काय करायचं त्ये देव बगंल," ते म्हणाले. "मी माज्या बाजूनं बोललोय."

"साखरेच्या माणसानं अनवाणी चालायचं नसतं."

"ह्या पायांनी लय मुलूख तुडवलाय. ह्यास्नी कायबी हुत न्हाई."

फौजी माणसाशी वाद घालणं म्हणजे भिंतीशी कुस्ती. मी तोंड फिरवून आत गेले. तेव्हाच ठरवलं की देवाला मधे न घेता हा बुटाचा प्रश्न लवकर मिटवायचा. म्हणजे त्यांचाही सुटेल.

सांगलीत एका इस्पितळामागच्या गल्लीत पायाचं काम करणारे एक मिस्त्री आहेत, असं शाळेतल्या एकानं सांगितलं. त्यांच्या घरात बापजाद्यांपासून चामड्याचं काम. आता ते पोलिओ झालेल्यांचे बूट, साखरेवाल्यांच्या चपला, टाचदुखीवाल्यांची सोलं असलं करतात. पुण्यामुंबईला जाण्यापेक्षा हे बरं म्हणून मी बूट पिशवीत घालून निघाले, तर अप्पा आधीच फाट्यावर उभे. धुतलेला सदरा, टोपी, आणि खाली मोकळे पाय. सांगलीच्या स्टँडवर त्यांनी रिक्षासुद्धा करू दिली नाही. हळदीच्या गाड्या, मोटरसायकली, सांडलेलं तेल यातून ते माझ्यापुढं ताठ चालत होते आणि मी मागून त्यांच्या टाचा बघत होते. टाचा भेगाळलेल्या, राखाडी. 

मिस्त्रींनी बूट हातात घेऊन सगळ्या बाजूंनी फिरवला. "ताई, ह्यो बूट हाय का डबा?" मग मला बसवलं आणि फोमच्या पेटीत पाय ठेवायला लावला. मी आपली उभी राहायला निघाले, तर म्हणाले, "उभं ऱ्हायचं न्हाई. उभं ऱ्हायलं की पाय सपाट हुतोय, मग ठसा बी सपाटच येनार. पाय कसा हाय त्यो नको आपल्याला, कसा पायजे त्यो घ्याचा." त्यांनी माझा गुडघा धरून पाय स्वतःच हळू खाली दाबला. काढला तेव्हा फोममध्ये मधे चक्क कमान होती. माझ्या पायाला कमान असू शकते हे मी पहिल्यांदाच बघितलं.

मग निवडायची वेळ आली. त्यांनी पुढ्यात तुकडे ठेवले. एक मऊ फोमचा, एक कडक प्लास्टिकचा, एक बुचाच्या लाकडाचा, वरून पातळ चामडं लावलेला. मी मऊवर हात ठेवला. अप्पाही म्हणाले, "मऊच द्या पोरीला. सुख लागूद्या जरा."

मिस्त्रींनी मान हलवली. "मऊ दाबतंय मामा. हिचा पाय परत पसरनार, परत दुकनार. कडक घातलं तर खालचा उतार पायाला कळायचा न्हाई. हिला बूच. गरम करून ठशावर बसवतो. पातळ करावं लागंल, डब्यात जागा न्हाई." आणि मग बोलता बोलता त्यांची नजर अप्पांच्या पायांकडं गेली. "मऊ तुमास्नी पायजे. चप्पल कुटं हाय?"

"सोडलीया," अप्पा म्हणाले.

"पाय वर करा बगू."

अप्पांनी हसत डावा पाय मांडीवर घेतला. टाचेच्या पुढं एक बारीक खिळा रुतलेला होता, दुकानातल्या जमिनीवरचाच असणार. फक्त डोकं दिसत होतं. मिस्त्रींनी पकडीनं तो ओढून काढला. रक्ताचा थेंब आला. अप्पा त्याच्याकडं दुसऱ्याच्या पायाकडं बघावं तसं बघत होते.

"कळलं न्हाई?"

"न्हाई बा." आणि मग माझ्याकडं बघून, जरा फुशारकीनंच, "फौजी पाय हाय."

मिस्त्री हसले नाहीत. त्यांनी झाडूची काडी मोडून अप्पांना डोळे मिटायला लावले आणि तळव्याला ठिकठिकाणी टोचून विचारलं, "इथं? इथं?" अप्पा नुसती नकाराची मान हलवत होते. तळव्यात कुठंच काही नव्हतं. मिस्त्रींनी काडी टाकून दिली. "मामा, तुमचं पाय आता तुमास्नी सांगायचं बंद झाल्यात. कापलं, भाजलं, कायबी कळायचं न्हाई. असलं पाय मी लय बगितल्यात, आणि मग त्येंच्यासाठी दुसरंच सामान करावं लागतंय." भिंतीवर टांगलेल्या लाकडी पायांकडं त्यांनी बोट केलं नाही, पण मी तिकडं बघितलं. अप्पांनीही बघितलं.

मला वाटलं आता सुटलो. कारण अप्पांनी चपलेचं माप दिलं. मऊ रबराची, मागं पट्टा असलेली, साखरेवाल्यांसाठी करतात तसली चप्पल. पण माझ्या फूटबेडबरोबर ती तयार होऊन घरी आली आणि पिशवीतच राहिली. "तुजं दुकणं गेलं की त्याच दिवशी घालतो," ते म्हणाले. "तवर जपून चालतो की." आई रोज संध्याकाळी त्यांचे पाय बघायला लागली, तळवा हातात घेऊन, भाकरी भाजली का बघावी तसं उलटसुलट करून. मी डॉक्टरांकडं नेलं. डॉक्टर ओरडले. अप्पांनी त्यांना सलाम केला आणि अनवाणीच जिना उतरले. त्या माणसावर माझं इतकं प्रेम होतं की त्या दिवशी त्यांना धरून हलवावंसं वाटलं.

मार्चच्या मध्यावर मी सरावासाठी गुलमर्गला गेले; चाचणी एप्रिलच्या सुरुवातीला तिथंच होती. पहिल्या दिवशी बुटात पाय घातला, बकलं आवळली आणि वाट बघत राहिले. आग होईल, मुंग्या येतील. काहीच झालं नाही. बुचाची ती कमान पायाखाली गप उभी होती. वजन डावीकडं दिलं की स्की डावीकडं जात होती. सबंध उतार मी न थांबता आले आणि खाली पोहोचल्यावर हातमोजा दातानं ओढून काढून तिथूनच घरी फोन लावला.

"अप्पा, दुखत नाही. अजिबात दुखत नाही."

 अप्पा म्हणाले, "खरं सांगतीस न्हवं? माज्या चपलीसाठी थापा न्हाई न्हवं?"

"खरं. तुमची शपथ."

"बास तर मग," ते म्हणाले.  मला रडू आलं. दोघांच्याही पायांचं एकदमच सुटलं, असं वाटलं. चप्पल घाला आता, असं मी तीनतीनदा बजावलं आणि ते हो हो म्हणाले.

पण आधी देव. दुसऱ्याच दिवशी आई वावरात गेलेली बघून ते निघाले. एसटीनंही जाता आलं असतं, पायथ्यापर्यंत जाते. पण बोलले होते ते चालत जायचं. आमच्याकडं मार्चमध्येच दुपारी डांबर मऊ पडतं, पोरं त्यावरून उड्या मारत पळतात. अप्पा त्या डांबरावरून सावकाश, नारळ काखेत आणि नवीन चपलांची पिशवी हातात घेऊन चालत गेले. मग पायऱ्यांचा तापलेला दगड. नारळ फोडला. देवापुढं बसून चपला घातल्या, पट्टे लावले आणि त्या घालून खाली आले. वाटेत भेटलेल्या प्रत्येकाला थांबवून सांगितलं, पोरीचं दुखणं गेलं. एकालाही त्यांच्या चालण्यात काही वावगं दिसलं नाही, कारण अप्पांना काही जाणवतच नव्हतं.

चपलेत पाय फोडांनी भरलेले होते. आईला दिसले तेव्हा तिनं हंबरडा फोडला. उजवा हळूहळू सुकला. डावा सुकला नाही. बोटं काळी पडली, मग काळं वर चढायला लागलं. मला फोन आला तेव्हा चाचणीला दोन दिवस होते. मी बॅग भरली. चाचणी गेली याचं मला कधीच काही वाटलं नाही, लोकांना ते खरं वाटत नाही. मी पोहोचेपर्यंत साताऱ्याच्या इस्पितळात डावा पाय गुडघ्याखाली कापलेला होता.

मला राग कुणाचा येतो हे मी अजून ठरवू शकलेले नाही. देवाचा येतो, पण त्यानं काही मागितलं नव्हतं. अप्पांचा येतो, तो सगळ्यात जास्त येतो, आणि मग त्या रस्त्यावरून पिशवी घेऊन चाललेले ते दिसतात आणि रागाचं काही चालत नाही. ते त्यानंतर वर्षभरही राहिले नाहीत. माझं स्कीइंग चालू आहे. पाय दुखत नाहीत.

इस्पितळातली एक दुपार सांगते. आई खाली चहा आणायला गेली होती. अप्पांनी डोळे उघडले, चेहरा पिळवटलेला. इतक्या वर्षांत त्यांना दुखल्याचं तोंड करताना मी बघितलं नव्हतं.

"टाच लय दुकतीया," ते म्हणाले.

"उजवी?"

"न्हाई गं. डावी. आग हुतीया नुसती. बोटं बी."

डॉक्टर म्हणाले होते, असं होतं, गेलेला पायही दुखतो. ते ऐकून माझी तयारी झाली, असं मला वाटलं होतं. मी चादरीकडं बघितलं. डावीकडं गुडघ्याखाली ती सपाट होती.

"दाब की जरा," अप्पा म्हणाले.

मी खाटेच्या टोकाशी गेले आणि जिथं टाच असती तिथं गादीवर दोन्ही अंगठे दाबले.

"जरा खाली."

मी हात खाली सरकवले.