डबल मारणारी प्रेस

आमच्या शेडमधली पहिली पॉवर प्रेस नवऱ्यानं जुन्या बाजारातून आणली होती. पत्र्याचे वॉशर कापायची. पायडल एकदा दाबलं की पंच एकदाच खाली यायला हवा. ही मेली मनात आलं की दोनदा यायची. तेही कापलेला माल काढायला हात पंचाखालच्या साच्यात, डायमध्ये गेलेला असताना. मी शेजारी वॉशर पॅक करत बसायचे आणि ठोक्याठोक्याला नवऱ्याची बोटं मोजायचे.

तिनं डबल मारलं की नवरा तिच्यात आणखी काहीतरी घालायचा. नवा पट्टा, नवी स्प्रिंग, नवा क्लच. काहीच लागू पडेना तेव्हा अमावस्येला नारळ आणि लिंबू-मिरची. एकदा उस्मानपुऱ्याचे भंगारवाले चाचा आले. त्यांनी प्रेस चालवून बघितली आणि मला म्हणाले, "भाभी, ही कुणाचा तरी हात घेईल. आजच काढा."

नवऱ्यानं ते ऐकलं. त्यानं फेकलेला पाना चाचांच्या कानाजवळून गेला आणि मागच्या पत्र्याला पोचा पडला. "पहिली मशीन लक्ष्मी असती. भंगारात देत नसतेत," तो म्हणाला. "आन् लई घातलंय म्या तिच्यात."

लक्ष्मीबिक्ष्मी काही नव्हतं. विकली असती तर आपण फसलो हे कबूल करावं लागलं असतं, आणि ते त्याला बोटांपेक्षा महाग वाटत होतं. काकडी कडू निघाली तर ताट सरकवणारा माणूस इथं मुकाट्यानं कडू गिळत होता. मला त्याचा संताप यायचा.

दिवाळीआधीच्या घाईत प्रेसनं त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं घेतली. रक्त वॉशरवर उडालं. मी ओढणीनं हात करकचून बांधला, त्याला रिक्षात कोंबलं. वाटेत म्हणतो कसा, "मशीनची चूक नाय. माझं ध्यान नव्हतं." तिथंच त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली.

टाके निघायच्या आत तो पुन्हा शेडवर गेला. मी मागोमाग पोचले, तर प्रेस सुरू करून बसलेला. "तिनं नेलं, आता तिच्याकडूनच भरून घेतो."

मी मेन स्विच पाडला आणि कोपऱ्यातला घण उचलला. बिडाला, म्हणजे प्रेसच्या ओतीव लोखंडाला, घण बसला की ते तडकतं, हे त्यानंच मला सांगितलेलं. पहिल्याच घावाला प्रेसच्या चाकाची कपची उडून माझ्या नडगीत घुसली. दुसऱ्यासाठी घण वर नेला, तर त्यानं आपला धड हात डायवर ठेवला.

"मार आता."

"द्या हा पण तिला," मी म्हणाले. "पण शर्टाची बटणं मी लावणार नाय."

तो डायवरच्या पाची बोटांकडं बघत राहिला. मग हात काढून घेतला आणि भिंतीला टेकून रडायला लागला. मी थांबले नाही. प्रेसची मान तुटेस्तोवर मारत राहिले, आणि खरं सांगते, मला ते आवडलं.

तुकडे चाचांनी नेले. कसं फुटलं, ते त्यांनी विचारलं नाही.

पुढच्या खंडेनवमीला शेडमधल्या सगळ्या मशिनींची पूजा झाली. शेवटी नवरा प्रेसच्या मोकळ्या जागेपाशी गेला. फरशीत नुसती बोल्टची भोकं उरली होती. तो कुंकू वाहायला वाकला, पण दोन बोटं गेलेल्या हाताच्या चिमटीत ते राहीना, सांडत राहिलं. मी बादली आणली आणि त्याच्या देखत ती जागा खसाखसा धुतली.