टेम्पमधला आवाज
तीळ भाजल्याचा वास आला की ती सकाळ आठवते. परदेशातल्या मुलासाठी ही माईकवर गोड्या मसाल्याचं प्रमाण सांगत होती. मधेच मला म्हणाली, "अहो, खोकू नका, रेकॉर्ड होतंय!" रेकॉर्ड करायला आलेल्या शेजारणीनं तो आवाज कॉम्प्युटरच्या टेम्प नावाच्या कप्प्यात ठेवून कॉम्प्युटर बंद केला. दुपारी ही गेली. आवाज कुठे ठेवलाय ते शेजारणीनं सांगितल्यावर फोनवर मुलगा रडत म्हणाला, "बाबा, कॉम्प्युटर लावू नका. लावला की टेम्प आपोआप पुसायचा हुकूम मीच लिहून ठेवलाय." घर माणसांनी भरलेलं. मेव्हणा बटणाकडे वळला, "दाजी, नातेवाइकांना मेल करतो." मी ओरडलो, "बोट मोडीन!" दुसऱ्या दिवशी सकाळी अस्थी आणायला निघताना मी कॉम्प्युटरची वायर उपटली आणि पिशवीत घालून वैकुंठ स्मशानात घेऊन गेलो.